ऐंशी घोड्यांचं आगार

शेफील्ड,
रविवार रात्र

ती. अण्णा आणि आई यांस सा. न.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, सुट्टीला कुठे गेलीस, तर मी "एक मोठा वाडा बघितला" म्हणून विषय संपवला. खरं म्हणजे वाडा मी धावतपळतच बघितला. निम्मा दिवस गेला तो तिथल्या घोड्यांच्या पागेत. फोनवर सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, तिकीट काढून तबेला बघायला गेलीस का! म्हणून पत्र.

जागेचं नाव चॅट्सवर्थ. इथून बसने जाता येतं, डर्बीशरच्या डोंगरात, डर्वेंट नदीच्या काठी. डेव्हनशरच्या ड्यूकांचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं हे ठाणं. (आई, बाजारातलं जी-नाइन केळं मुळात कॅव्हेंडिश जातीचं. ते नाव याच घराण्यावरून पडलं. सहाव्या ड्यूकच्या माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, ते इथल्या काचघरात वाढवलं होतं.)

पागा वाड्याच्या ईशान्येला, चढावर आहे. आधी जुनी पागा वाड्याच्या जवळ होती. चौथा ड्यूक आला आणि त्याला खिडकीतून नदी आणि कुरणं दिसायला हवी झाली. मग जुनी पागा पाडली, समोरच्या एडन्सर गावातली दृष्टीस पडणारी घरंही पाडली, आणि १७६०च्या सुमारास जेम्स पेन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाकडून वर ही नवी पागा बांधून घेतली. नदीवरचा पूलही त्याचाच. घोडे नजरेआड करायचे म्हणून हलवले आणि त्यांना घर दिलं ते सगळीकडून दिसेल असं! दारावर चार भक्कम दगडी खांब, त्यावर घराण्याचं भलंमोठं चिन्ह, दोन बाजूंना खऱ्या आकाराचे दगडी सांबर, आणि त्यांच्या डोक्यावर शिंगं मात्र खरी. वर घड्याळाचा मनोरा. घोड्यांना घड्याळाचं काय, पण नोकरांना होतं.

आता अण्णांसाठी. इमारत चौकोनी, साधारण १९० फूट बाय १९० फूट, दुमजली, मध्ये मोकळं अंगण. मी तिथेच गुणाकार केला: अंगण धरून ३३ गुंठे. आत ८० घोड्यांची सोय होती. अंगणात उभी राहिले आणि वाटलं, अहो, हे तर तुमचं बसचं आगारच आहे! चारी बाजूंनी गाड्या लावायच्या जागा, मध्ये वळवायला मोकळं पटांगण. वर्कशॉप म्हणजे लोहाराची भट्टी, तिथे नाल ठोकायचे. डिझेल म्हणजे वरच्या मजल्यावरची धान्याची कोठारं. आणि कोठारांच्या शेजारीच तुमची रेस्ट रूम, म्हणजे मोतद्दार आणि पोरांच्या खोल्या.

हिशेब करून बघा. एक घोडा दिवसाला २५-३० लिटर पाणी सहज पितो, म्हणजे ८० घोड्यांना दोन हजार लिटरच्या वर, रोज. लीद दीड टनाच्या आसपास. पहाटे उठून ती काढायची, खरारा करायचा, तोबरे भरायचे, मग गाडी जुंपायची. मालक बाहेर निघो न निघो, घोड्याचं पोट थांबत नाही. तुमची बस निदान रात्री इंजिन बंद करून उभी राहायची.

वरच्या एका खोलीच्या दारावर अजून रंगवलेली अक्षरं आहेत, "तिसरा पोस्टिलियन". पोस्टिलियन म्हणजे गाडीवर न बसता जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार होऊन गाडी हाकणारा. म्हणजे पहिला होता, दुसरा होता, आणि हा तिसरा. माणूस कोण होता ते दारावर नाही, फक्त पद. एक तिसरा गेला की नवा तिसरा यायचा, दार तेच. वाड्यात मी सोनेरी छतं, चित्रं, पुतळे सगळं बघितलं, पण घरी परतताना बसमध्ये डोक्यात हेच दार होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. १८३०च्या दशकात सहाव्या ड्यूकने मागे गाड्यांसाठी वेगळी इमारत घातली. मग मोटारी आल्या. १९३९ साली शेवटचे घोडे गेले आणि पागा कोठार आणि गॅरेज झाली. अण्णा, बघा, शेवटी गॅरेजच! १९५०मध्ये दहावा ड्यूक गेला. त्याने मिळकत मुलाच्या नावावर करून ठेवली होती, पण कर चुकायला त्यानंतर पाच वर्षं जगावं लागे, ती भरायला १४ आठवडे कमी पडले. ८० टक्के वारसा कर बसला. जमिनी, चित्रं, दुसरा एक वाडा, बरंच काही गेलं. वाड्यालाच कमवावं लागलं, आणि पागेलाही. आज तिथे दुकानं आहेत आणि खायची-प्यायची सोय. गाड्या ठेवायच्या इमारतीत लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे असतात. मीही चहा घेतला. पाणचट होता, पण बसायला जागा छान.

अण्णा, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. आई, तू लक्ष ठेव.

आणि एक. मुक्कामाच्या गाडीला जाताना तुम्ही जी पत्र्याची पेटी न्यायचात, तिच्यावर पांढऱ्या रंगाने तुमचा बिल्ला नंबर रंगवलेला होता. नाव नव्हतं, नुसता नंबर. मला शेवटचे दोन आकडे आठवतात, आधीचे नाही. माळ्यावर असेल ती. बघून कळवा.

तुमची,
मनू