फळ्यावर एकच प्रश्न

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली आणि शनिवारचा कुटुंबगट, म्हणजे मानसिक आजाराचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांची एकत्र बैठक, आमच्या हाती आला. स्वतः चालवायला घेतल्यावर कळतंय, की साध्या गप्पा वाटणाऱ्या त्या बैठकीतलं मिनिट न् मिनिट तुम्ही बेतलेलं होतं. आभार जाहीर मानतोय ते एवढ्यासाठी, की दुसरीकडे कुणी असा गट सुरू करत असेल तर त्यांच्याही उपयोगी पडावं.

सायकोसिसचं (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं, त्या आजाराचं) निदान नुकतंच झालेल्या घराला थेट गटात बसवायचं नाही, हा तुमचा हट्ट होता. आधी किमान तीनदा वेगळं भेटायचं, मग एक अख्खा दिवस आजाराची माहिती, आणि त्यानंतर पंधरवड्यातून एकदा गट. पाच-सहा घरं, चालक दोन. एकट्या आईवर सगळं सोपवायचं नाही, घरातलं आणखी कुणीतरी हवंच. घाईने बसवलेली माणसं मान खाली घालून बसतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. वीस वर्षं आजार सोसणारी घरं तुम्ही या गटात घेतली नाहीत, तेही बरंच केलंत. नव्या आईला समोर आपल्या मुलाचं भविष्यच बसल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच होईल असं मुळीच नसतं.

नव्वद मिनिटांची वाटणी अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम मॅकफार्लेन यांच्या बहुकुटुंब गटाची. पहिली १५ मिनिटं अवांतर गप्पा, २० मिनिटं प्रत्येक घराची खबरबात, ५ मिनिटांत एक प्रश्न निवडायचा, ४५ मिनिटं त्याच्यावर काम, शेवटी ५ मिनिटं पुन्हा गप्पा. सुरुवातीच्या गप्पांत आजाराचं नाव काढायचं नाही. पाऊस, भाजीचे भाव, क्रिकेट चालेल. ही पंधरा मिनिटं वाचवावीत असं प्रत्येक नव्या चालकाला वाटतं. पण रुग्णही तिथेच बसलेला असतो, आणि कालच्या सामन्याबद्दल तो एखादं वाक्य बोलतो ते याच वेळात.

सगळ्यात मोठं ऋण फळ्याचं. ‘मुलगा आळशी झालाय’ असं कुणी म्हटलं, की तुम्ही ते लिहून घ्यायचाच नाहीत. कधी, किती वाजता, त्यामुळे काय अडतं, असं विचारत विचारत शेवटी फळ्यावर यायचं : ‘अकराशिवाय उठत नाही, म्हणून सकाळची गोळी चुकते.’ एवढा लहान झाला की प्रश्न सुटायला लागतो. मग सगळ्या घरांनी उपाय सुचवायचे, कितीही वेडगळ असले तरी लिहायचे, आणि यादी पुरी होईपर्यंत एकावरही ‘पण’ म्हणायचं नाही. त्यानंतर प्रत्येकाचे फायदे-तोटे. निवड मात्र ज्याचा प्रश्न त्याच्या घराने करायची. ‘गोळी रात्री घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं’ असं ठरलं, तर कोण विचारणार, कधी, हे कागदावर लिहून घरी द्यायचं, आणि पुढच्या बैठकीत पहिली चौकशी त्याचीच. दुसरा चालक खडूला हात लावत नाही. कोण गप्प आहे आणि कोण एकटंच बोलतंय, यावर त्याचं लक्ष.

घरातल्या बोलण्याचा विषय तुम्ही फार जपून काढायचात. लंडनचे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं, की सततची टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरात आजार जास्त वेळा उलटतो. हे नुसतं सांगितलं तर आईबाप स्वतःलाच दोषी धरतात. म्हणून आधी ‘आजार तुमच्यामुळे झालेला नाही’ हे सांगायचं आणि मगच वाक्यं बदलायला शिकवायचं. आवाज ऐकू येतात म्हणाला तर ‘काहीतरीच काय’ नको, ‘हो, मलाही येतात’ असंही नको. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तू घाबरलायस ते कळतंय. इथे बसू का तुझ्याजवळ?’ बस, एवढंच.

चहात लपवून गोळी देण्यावर तुम्ही कुणालाच रागावला नाहीत. ते बहुतेक घरांत कधी ना कधी होतंच. तुम्ही तोटा दाखवलात : अर्धा कप उरला तर डोस किती गेला ते कळत नाही, अंग जड का पडलंय ते त्याला उमगत नाही, आणि एकदा सापडलं की घरचे अन्नात काहीतरी कालवतात हा संशय खरा ठरतो. मग औषधच काय, जेवणही नाकारलं जातं. आधी डॉक्टरांना खरं सांगायचं. महिन्याच्या इंजेक्शनचा विषय निघतो तो त्यानंतर, आणि रुग्णाच्या समोर.

धोक्याच्या खुणांचा कागदही प्रत्येक घराचा वेगळा हवा, छापील चालत नाही. एकाची झोप आधी उडते, दुसरी सगळ्यांचे फोन घेणं बंद करते. तीन खुणा, आणि शेजारी कुणाला कळवायचं त्याचा नंबर. फ्रिजवर नको, पाहुणे वाचतात. कपाटाच्या दाराला आतून.

तुमची टाचणांची वही आमच्याकडेच राहिलीय. लागली तर कळवा, झेरॉक्स काढून पाठवू. मूळ वही मात्र सध्या सोडवत नाही.

आपले,
शनिवारच्या गटाचे दोघे चालक