लीड्सहून पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि जेवण वेळेवर होतं. तेव्हा बाबांनी रोज लीड्सचं हवामान बघून फोन करायचं कारण नाही.

काकूला सांग, मी इथे म्हाताऱ्यांचं धुणंपुसणं करायला आलेले नाही. तेही करते, सगळ्याच नर्स करतात, त्यात कमीपणा कसला? पण परवा रात्री मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. एक अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची छोटी कुपी, काढायला दोघी लागतात. मोजायचं, वहीत लिहायचं, दोघींच्या सह्या. १० मिलिग्रॅममधले ५ च दिले, तर उरलेलं टाकतानाही दुसरी समोर हवी.

इथली एक तऱ्हा मात्र अजून पचत नाही. प्रत्येक गोळीआधी पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची. "तुम्ही अमुक ना?" असं विचारून चालत नाही, कारण कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. त्याच्याच तोंडून वदवायचं, मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं, वर ॲलर्जी विचारायची. सकाळी ८ ला विचारलं तरी १२ ला परत, ६ ला परत, रात्री १० ला परत. एक आजोबा मला नातवंडांचे फोटो दाखवतात, तरी त्यांनाही विचारायचं. आणि ते न चिडता सांगतात! मिरजेत "सिस्टर, मगाशीच सांगितलं की" म्हणून ओरडले असते.

बाबा, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता ती डायक्लोफेनॅक बंद करा. तिनं बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. इथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा दुकानात १६ गोळ्यांच्या दोन पाकिटांपलीकडे देत नाहीत. आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानं, कॅल्शियम चार तासांनी. फोनवर सांगितलं की दोघंही हो हो म्हणता.

या महिन्यात पैसे कमी आलेत, रजिस्ट्रेशनची फी भरावी लागली. दादाचा हप्ता चुकणार नाही. नाताळची ड्यूटी मीच मागून घेतली आहे, पैसे जास्त मिळतात. गणपतीला आले नाही, बारशालाही नाही. उन्हाळ्यात नक्की बघते. कराडच्या स्थळाला फोटो लगेच पाठवू नका. रात्रपाळीची बायको चालेल का, ते आधी विचारा. चालत असेल तर नंबर द्या.

तुमची,
सुजू

ता. क. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. मी पाठवलेल्या पैशांतलेच वापरा, दादाला मी सांगते.