तुम्ही विचारलंत म्हणून कळलं

डॉक्टर,

सासऱ्यांशी सगळं इंग्रजीत बोलून झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेऊन मराठीत समजावलंत, म्हणून हे आभारही मराठीतच. आणि उघड लिहितेय ते मुद्दाम. आपल्याकडच्या कितीतरी मुली आता इथल्या अमेरिकन घरांत सुना आहेत, आणि त्यांचे पंच्याहत्तरी ओलांडलेले सासरे व्हिएतनाम युद्धाला जाऊन आलेले असू शकतात.

सासऱ्यांच्या रक्तातलं प्रोटीन थोडं वाढलंय, एवढंच निमित्त होतं. आलेखावरचं ते सुळक्यासारखं टोक पेनने दाखवत तुम्ही म्हणालात, "हा कॅन्सर नाही, एमजीयूएस आहे, म्हणजे रक्तात एक वेगळंच प्रोटीन तयार होतंय. अशा शंभर जणांत वर्षाला साधारण एकाला पुढे मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर, किंवा तसला आजार होतो. लक्ष ठेवायचं." आणि मग, "फौजेत होतात का? कुठे? कुठल्या साली?"

"बिएन होआ. १९६८." दक्षिण व्हिएतनाममधला अमेरिकन हवाई तळ तो. युद्धाचं नावही न काढणारा हा माणूस मग बोलतच सुटला. एजंट ऑरेंजची, म्हणजे जंगलाची पानं झडावीत म्हणून अमेरिकन फौजेने तिथे फवारलेल्या तणनाशकाची, नारिंगी पट्ट्याची पिंपं, रिकामी झाली की उभी कापून त्यांच्या केलेल्या मांस भाजायच्या शेगड्या. माझा नवरा तोंडाकडे बघत राहिला. त्यालाही हे नवीन होतं.

तुम्ही उगाच घाबरवलं नाहीत, की खोटा धीरही दिला नाहीत. ते तणनाशक बनवताना त्यात डायॉक्सिन उतरायचं, खरं विष ते, हे सांगितलंत. "तुम्हाला त्याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही," हेही सांगितलंत. पण फवारणी करणाऱ्या वायुदलाच्या माणसांचं साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा त्यांच्यात एमजीयूएस ७.१ टक्के निघालं आणि तुलनेसाठी घेतलेल्या सैनिकांत ३.१, हा २०१५चा अभ्यास तुम्ही सासऱ्यांच्या हातात ठेवलात. आकडे दिसल्यावर त्यांना हायसं वाटलं. विचित्र आहे, पण वाटलं.

एजंट ऑरेंजमुळे झाले असं धरून अमेरिकन सरकार माजी सैनिकांना भरपाई देतं, त्या आजारांच्या यादीत २०२२च्या पॅक्ट कायद्याने एमजीयूएस आलंय, हे आमच्या गावीही नव्हतं. मायलोमा, प्रोस्टेटचा कॅन्सर, नॉन-हॉजकिन लिम्फोमा तर आधीपासूनच आहेत. तणनाशक अंगावर पडल्याचा पुरावा लागत नाही. ठरलेल्या काळात तिथे नोकरी केली होती एवढं दाखवलं की पुरतं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून डीडी-२१४चा, म्हणजे फौजेतून सुटल्याच्या दाखल्याचा, पिवळा पडलेला कागद काढला आणि भरपाईचा अर्ज भरला. तुमचं पत्र सोबत जोडलंय.

बिएन होआच्या आसपास राहणाऱ्या व्हिएतनामी लोकांसाठी अमेरिकेचा असला कायदा नाही. हे मी नाही, सासरेच म्हणाले, अर्जावर सही करताना.

डॉक्टर, आभारांच्या जोडीला एक काम सांगते. मंडळाच्या आरोग्य शिबिराच्या फॉर्मवर "घरात कुणी अमेरिकन फौजेत होतं का, कुठे, कधी" ही एक ओळ घालायला सांगाल? तुम्ही सांगितलंत तर कमिटी ऐकेल. फॉर्म टाइप करून द्यायचं काम माझ्याकडे.

तुमच्या पेशंटची सून