ज्यू आणि गरीब? अल्पसंख्याक विकास मंत्र्यांना ठाण्याहून खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अल्पसंख्याक विकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठी शाळेत एकतीस वर्षं व्याकरण शिकवून मी निवृत्त झाले. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे सांगितल्याशिवाय धर्म कुणाला कळत नाही. आणि सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं: "ज्यू? म्हणजे ते ससूनवाले? मग काय, पैसेवाली माणसं तुम्ही!"

ससून बगदादहून आले, १८३२ साली. आम्ही बेने इस्रायल. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने ठेवलेलं नाव 'शनिवार तेली'. ससूनांची गोदी आणि पुण्याचं रुग्णालय सगळ्यांना ठाऊक आहे. तेल्यांची ओढाताण दिसायला कुठे इमारत नसते.

ठाणे-कळव्यातल्या चार घरी मी दर महिन्याला जाते. त्यातल्या एका मावशींबद्दल लिहिते. नाव त्यांनी लिहू नका म्हणून सांगितलंय. वय एकोणऐंशी, मूलबाळ नाही, भाचा इस्रायलमध्ये अश्दोदला. यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या मागे मावशींना भविष्य निर्वाहची पेन्शन येते, महिना १,९०० रुपये. रक्तदाबाच्या गोळीचे त्या ब्लेडने दोन तुकडे करतात, अर्धा आज, अर्धा उद्या. डॉक्टरने एक सांगितलीय. शुक्रवारी संध्याकाळी मात्र काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि वात, हा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा चुकत नाही. तेल चमच्याने मोजून घालतात.

श्रावणबाळ योजनेसाठी मी त्यांना एका सरकारी कार्यालयात घेऊन गेले होते. महिन्याला १,५०० रुपये मिळाले असते. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा निघाला २२,८००. मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे मावशी १,८०० रुपयांनी श्रीमंत! कारकून बिचारा भला होता, हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही यात बसत नाही." मावशींना ऐकायला कमी येतं. आपल्याला बसायला सांगितलं असं वाटून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

मग गोळ्यांचं काय? 'जॉइंट'ला सांगितलं. पूर्ण नाव अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी, पण आमच्याकडे एवढं कुणी म्हणत नाही. १९१४ मध्ये तुर्कस्तानातले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी पॅलेस्टाइनमधल्या उपासमारीने गांजलेल्या ज्यूंसाठी न्यूयॉर्कला तार करून ५०,००० डॉलर मागितले, त्यातून ही संस्था उभी राहिली. तीच संस्था मुंबईतल्या आमच्या गरीब म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देते, औषधपाणी बघते. मी तिथली पगारी नोकर नाही. कुणाकडे काय संपलं एवढं बघून कळवते. मावशींना आता गोळी अख्खी मिळते. जॉइंटचे उपकार आहेतच, पण आयुष्यभर मराठीत बोललेल्या, इथे कर भरलेल्या बाईची गोळी परदेशातल्या देणगीदाराने विकत घ्यावी, हे मला खटकतं. तुम्हालाही खटकावं.

दान फक्त घ्यायचंच आम्हाला माहीत, असं समजू नका. किहीमच्या घराण्यातले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. आज ती माझगावला सर एली कदूरी यांच्या नावाने चालते, आणि वर्गात बहुतेक मुलं मुसलमान आहेत. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतही तेच चित्र. शाळा भरलेली आहे ना, मग झालं. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेल्यांसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली, तेव्हाही शरणागतांचा भार सरकारवर पडू नये म्हणून समाजच पुढे आला. पण तेव्हा समाजात कमावते हात होते. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. मागे उरलेल्यांत म्हातारे फार.

म्हणूनच जून २०१६ मध्ये राज्याने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, आमच्या जुन्या माणसांच्या भाषेत 'मशिदीत', सगळ्यांना आनंद झाला. त्या दर्जाचा उपयोग मुख्यतः शिक्षणसंस्था आणि शिष्यवृत्त्यांसाठी. ज्यांच्याकडे शिकायला मुलंच थोडी, त्यांनी काय करावं? आणि जी आहेत, त्यांना केंद्राच्या शिष्यवृत्तीत जागा नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२ च्या कायद्याखाली दिल्लीने जाहीर केलेल्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन आहेत. यहुदी नाहीत. माझ्या शेजारच्या मुलीने कॉलेजच्या अर्जात 'इतर' निवडलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "इतर म्हणजे नक्की कोण?" व्याकरणाच्या बाईंना हा प्रश्न आवडला, मुलीला नाही.

आमच्यासाठी वेगळी योजना काढू नका. एवढ्याशा लोकांसाठी कुणी काढणारही नाही. २१,००० ची अट सगळ्याच जातीधर्मांच्या म्हाताऱ्यांना आडवी येते, ती वाढवा. ते खातं सामाजिक न्यायाचं, तुमचं नव्हे, हे मला माहीत आहे; पण मंत्रिमंडळाची बैठक एकाच टेबलाभोवती होते. केंद्राच्या यादीत यहुदींचं नाव घालावं, अशी शिफारस मात्र तुमच्याच सहीने जाऊ शकते.

एप्रिलात मावशींचा नवा दाखला काढायचा आहे. पेन्शन तीच, त्यामुळे आकडाही तोच येईल. त्यांना घेऊन मी पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहे. या वेळी बसवून घ्या.

आपली विश्वासू,
ठाण्यातली एक निवृत्त शिक्षिका