वाशिष्ठीचा गाळ येतो कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत पोकलेन उतरतात आणि किती घनमीटर गाळ निघाला याचे आकडे छापून येतात. २२ जुलै २०२१चा पूर अंगावर घेतलेल्या चिपळूणकरांना या कामाचं मोल सांगायला नको. (काढलेला गाळ काठावरच राहिला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा नदीत, ही गोष्ट वेगळी.) पण सगळी चर्चा शहरालगतच्या बहादूरशेख नाका ते गोवळकोट एवढ्या पट्ट्यातच फिरते.

गाळ येतो वरून. सह्याद्रीच्या पायथ्याच्या तिवरे, दसपटीकडच्या पऱ्यांतून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांतून, मे महिन्यात चालून पाहावं. जिथे पोरं उड्या मारायची, त्या डोहात गुडघाभर रेव भरली आहे. बायाबापड्या ती हाताने उपसून खड्डा करतात आणि झिरपेल तेवढं पाणी वाटीने कळशीत भरतात. वर उतारावर नुसती खोडकं, मुळं उघडी पडलेली. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नाममात्र, डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. ठेकेदार अख्खा उतार उक्ता घेतो आणि साफ करतो. मालकाला तरी काय बोलणार? मुंबईत खोलीचे हप्ते फेडणाऱ्या चाकरमान्याला उभ्या झाडांचं दुसरं काय मिळतं?

शहराला हे कळत नाही, याचं कारण घाटापलीकडचं कोयना धरण. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलात आटतात, वाशिष्ठी मात्र वाहती दिसते. ते पाणी पोफळी-अलोऱ्याला वीज करून खाली सोडलेलं असतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली आहे. पुलावरून बघणाऱ्याला नदी भरलेली दिसते आणि वरचे पऱ्ये कोरडे पडल्याचा पत्ताही लागत नाही. मग जुलैत तेच पऱ्ये माती घेऊन उतरतात. त्यात खाली दाभोळ खाडीला उधाण असलं की पाणी तुंबतं.

गाळाच्या आकड्यांसोबत वरच्या कोणत्या गावात किती तोडीला परवानगी दिली, तेही जाहीर व्हावं. पऱ्यांच्या दोन्ही काठांची झाडं या परवानग्यांतून सरसकट वगळावीत आणि ती राखणाऱ्या मालकाला दरवर्षी मोबदला द्यावा. पोकलेनच्या डिझेलला पैसे मिळतात, तर यालाही मिळायला हरकत नसावी. पाऊस संपून पुन्हा कुऱ्हाडी लागण्याआधी हा निर्णय व्हायला हवा.

आपला,
एक वाचक, चिपळूण