बाबा, आकडा बघून गोळ्या थांबवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, बाबांनी चार दिवस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाबा, हातावर काळेनिळे डाग उठतात, त्यात रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स 2 लाख 10 हजार, म्हणजे नॉर्मल. मग गोळ्या कशाला, असं तुम्हाला वाटलं. आईच्या डेंग्यूत आपण रोज सकाळी तो आकडा बघायचो, तेव्हापासून आपल्या घरात प्लेटलेट्स म्हणजे आकडाच. पण या गोळ्या आकडा कमी करण्यासाठी नाहीतच. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या आहेत.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच थराचं. त्यातून प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड पाझरत राहतं, म्हणून लगटून वाहणाऱ्या प्लेटलेट्स शांत असतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन, म्हणजे वाहिनीच्या भिंतीतलं तंतूंसारखं प्रथिन, उघडं पडतं. मग प्लेटलेट्स तिथे चिकटतात, आणखी प्लेटलेट्सना बोलावून घेतात आणि गुठळी धरते. विळीवर आईचं बोट कापतं तेव्हा हेच तर हवं असतं!

तुमच्या हृदयाच्या वाहिनीत मात्र नको. फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे तारांची बारीक जाळी, बसवला तेव्हा तिथलं अस्तर खरवडलं गेलं. ते आता जाळीच्या तारांवर हळूहळू चढतंय, आणि जाळीला लावलेल्या औषधामुळे आणखी सावकाश. तीनच महिने झालेत, बाबा. अस्तर पुरतं येईपर्यंत प्लेटलेट्सना आवरायचं काम त्या दोन गोळ्यांचं.

अ‍ॅस्पिरिनचं तर मला फार नवल वाटतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं. इतर प्लेटलेट्सना बोलावण्यासाठी लागणारं एक एन्झाइम ही गोळी बंद पाडते, आणि ते तिला पुन्हा बनवता येत नाही, त्यामुळे तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यात त्या गोळीचा असर जात नाही. अस्तराच्या पेशी मात्र ते नव्याने बनवतात. म्हणून 75 मिलिग्रॅमची एवढीशी गोळी पुरते. पण रोज नव्या प्लेटलेट्स रक्तात येतात, आणि गेल्या चार दिवसांतल्या नव्यांना गोळी लागलेलीच नाही. मला धास्ती त्यांची आहे.

आई, आजच डॉक्टरांना फोन करून चार दिवस गोळ्या चुकल्याचं सांग. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नकोस. डागांचंही त्यांनाच विचारा. छातीत जरा जरी दुखलं किंवा शौचाला काळी झाली, तर माझी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय.

तुमचा,
बाळू