कासाळ्याची किणकिण

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्यात, आता कानांची काळजी नको." मी नुसतं हूं म्हटलं, कारण निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं. आईने मागाहून सांगितलं. म्हणून हे पत्र. पत्रात तरी "काय म्हणालास?" करत बसावं लागत नाही.

बार्जीच्या इंजिनरूममध्ये मी बावीस वर्षं काढली. आमोण्याला बोटीत खनिज भरायचं, मुरगाव बंदरात उतरवायचं. शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचं, कानात कापसाचा बोळा, तोही आठवला तर. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, बार्ज नांगरून पडली, मी घरी बसलो, तेव्हा कळलं की आजूबाजूला काही वाजत नसतानाही माझ्या कानात बारीक शिट्टी चालूच आहे. डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला: रेघ सरळ येते आणि 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. चतुर्थीच्या आरतीला घुमट-शामेळाचे ठोके छातीत दणदणतात, पण कासाळे, म्हणजे झांजा, वाजवणाऱ्याचे नुसते हात हलताना दिसतात.

तू पाठवलेलं संशोधन चष्मा लावून दोनदा वाचलं. 1994 सालचं, इस्रायली लष्करातल्या 300 नव्या जवानांवरचं. दोन महिने रोज काहींना 167 मिलिग्रॅम मॅग्नेशियम घातलेलं पेय, बाकीच्यांना नुसतं तसंच दिसणारं. मॅग्नेशियमवाल्यांचे कान कमी बिघडले, हे खरं. पण एक गोष्ट तू सोयीस्कर गाळलीस. गोळीबाराच्या वेळी त्या सगळ्याच पोरांच्या कानांत इअरप्लग होते! तू वागातोरला रात्रभर स्पीकरपुढे उघड्या कानांनी गाण्यांचा साउंड मिक्सर सांभाळतोस.

मॅग्नेशियमला मी नावं ठेवत नाही. मोठा आवाज अंगाला धोक्याची घंटाच वाटते. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, पेशींमधलं मॅग्नेशियम रक्तात येतं आणि लघवीवाटे निघून जातं. ते कमी झालं की आवाजाचा मारा अंगाला आणखी झोंबतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींत वाजवीपेक्षा जास्त कॅल्शियम घुसतं, त्याला अडवायचं काम मॅग्नेशियमचं. पण त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे गोळी काय करणार?

आणि भरतोस त्याला गळती किती आहे बघ. पित्तासाठी वर्षभर ओमेप्राझोल घेतोयस, त्याने मॅग्नेशियम घटू शकतं. काम संपल्यावरच्या बिअरनेही ते लघवीतून जातं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नकोस. अंगात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं रक्तात एक टक्कासुद्धा नाही. ओमेप्राझोलचं डॉक्टरांना विचार, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. मॅग्नेशियमच्या गोळ्याही जास्त झाल्या तर जुलाब लावतात. आई नाचणीचं पीठ पाठवते आहे, त्याचं तिझण शिजवून पेजेसारखं खा. अळसांदे, तांबडी भाजी, मूठभर काजू. लहानपणी हे पानात टाकायचास, आता दुकानातून बाटलीत विकत घेतोस.

हिशेब साधा आहे. 85 डेसिबलला आठ तास चालतात, दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. आवाज कमी न करता सूर नीट ऐकवणारे इअरप्लग नसतात, पण सूर न बिघडवता आवाज उतरवणारे वादकांसाठीचे मिळतात, ते घे. महाग आहेत म्हणशील. पैसे मी देतो. सुट्टीच्या दिवशी बांबोळीच्या इस्पितळात जाऊन कानांची तपासणीही करून घे, आणि तो कागद मला दाखव. तुझ्या रेघेत खड्डा आहे का, हे मला बघायचं आहे.

चतुर्थीला दोन दिवस आधी ये. यंदा कासाळे तू घे. माझ्या शेजारी नको, समोर बस, म्हणजे मला हात दिसतील.

तुझा,
बाबा